प्रश्न सातवा: माझी गाडी जुनी आहे

कागदाला दोन घड्या घातल्या की सहा पानं होतात. पहिलं मुखपृष्ठाचं, शेवटचं पत्ते आणि फोन नंबरांचं. उरली चार. खात्याचं जे काही म्हणणं असेल ते या चार पानांत बसवायचं, हे माझं काम. इंधन खात्याच्या प्रसिद्धी शाखेत गेली सतरा वर्षं मी हेच करतो आहे. ‘गॅसची नळी कधी बदलावी?’ हे पत्रक माझं. ‘रॉकेल आणि आपण’ हेही माझंच. माझी पत्रकं लाखांनी छापली जातात आणि माझं नाव एकावरही नसतं. लोक ती कपाटाच्या कप्प्यात अंथरतात, डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घालतात. एका न्हाव्याला तर मी ‘रॉकेल आणि आपण’वर वस्तरा पुसताना डोळ्यांनी पाहिलंय. मी कधी मनाला लावून घेतलं नाही. आपलं कोणी वाचत नाही हे एकदा मान्य केलं की लिहिणं फार सोपं जातं.

‘इथेनॉलमिश्रित पेट्रोल: शंका आणि समाधान’ हे पत्रक मात्र एका वाचकाने पहिल्या अक्षरापासून शेवटच्या फोन नंबरापर्यंत वाचलं, आणि त्यावर विश्वासही ठेवला. ही वाचक म्हणजे माझी बायको.

तिची स्कूटर एकोणीस वर्षांची. लग्नाआधी घेतलेली, त्यामुळे घरात ज्येष्ठतेच्या क्रमाने ती माझ्या वर. बायको एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. पहाटे साडेपाचला बाहेर पडायचं, उपाशीपोटी ताटकळलेल्या चौदा-पंधरा माणसांच्या दंडाला पट्टा बांधायचा, आणि साडेआठच्या आत बर्फाची पेटी लॅबमध्ये पोचवायची. या सगळ्याला तिच्या भाषेत ‘फेरी’ म्हणतात. फेरी तिची आहे, तिने बारा वर्षांत जमवलेली आहे, आणि तिच्याविषयी कोणी चेष्टेने बोललेलं तिला खपत नाही. स्कूटर नसेल तर फेरी नाही, इतका सरळ मामला.

उन्हाळा सरला, आणि तिच्या बहिणीचा पाय मोडला. सहा आठवड्यांसाठी बायको तिकडे निघाली. फेरी तेवढ्यापुरती एका सहकारी बाईंकडे दिली. रिकाम्या टाकीला गंज चढतो म्हणून तिने स्कूटरची टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली, आणि बॅग भरता भरता मला विचारलं, “अरे, हे नवीन मिश्रणाचं पेट्रोल घालून जुनी गाडी उभी ठेवली तर चालेल ना?”

मी पेपर वाचत होतो. डोकं वर न काढता मी म्हणालो, “पत्रक बघ. प्रश्न सातवा.”

तिने पत्रक शोधलं, उघडलं, वाचलं. प्रश्न सातवा: माझी गाडी जुनी आहे. तिला या इंधनाचा त्रास होईल का? उत्तर: नाही. निश्चिंत राहा.

ती निश्चिंत होऊन बहिणीकडे गेली.

आता इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. सांगायची इच्छा नाही, पण पुढचं काही कळणार नाही म्हणून सांगतो. तांत्रिक शाखेतल्या इंजिनीअरने मला या पत्रकासाठी दोन पानी टिपण दिलं होतं. हा इंजिनीअर म्हणजे सज्जनपणाची कमाल. रिकाम्या लिफ्टमध्ये शिरतानाही “येऊ का?” विचारतो. सातव्या प्रश्नाला त्याने लिहिलेलं उत्तर असं: फार जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि वॉशर फुगू शकतात, ते आधी बदलून घ्यावेत. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून टाकी भरून गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवू नये, पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं. सुरुवातीला जुना गाळ सुटून फिल्टर तुंबतो. मायलेज थोडं उतरतं.

उत्तर चांगलं होतं. पण ते चार ओळींचं होतं आणि पानावर जागा उरली होती एका ओळीची. मी अर्धा तास प्रामाणिकपणे झटापट केली. अक्षर बारीक केलं, समास आवळला. मग लाल पेन घेऊन टिपणातल्या चार ओळी खोडल्या, समासात ‘जागा नाही’ असं लिहिलं आणि एका ओळीत बसेल असं उत्तर तयार केलं. इतकं नेमकं बसलं की मी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना बोलावून दाखवलं. त्याही म्हणाल्या, छान बसलंय.

सहा आठवड्यांनी बायको परतली. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने स्कूटरला किक मारली. मग दुसरी. चाळिसाव्या किकला तळमजल्यावरचे मास्तर खिडकीत आले. मास्तर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी त्यांच्या लेखी इमारतीतले सगळे अजून परीक्षेलाच बसलेले आहेत.

“टाकी भरून ठेवली होती?” त्यांनी बायकोला विचारलं.

“हो.”

“सहा आठवडे?”

“हो.”

“हे नवं पेट्रोल?” मास्तरांनी माझ्याकडे पाहून सुस्कारा सोडला. “बायकांना गाडी चालवता येते हो, सांभाळता येत नाही. मुळात हे मिश्रणच चुकीचं. आमच्या वेळी पेट्रोल म्हणजे पेट्रोल होतं. पण चला, आलंय ते आलंय, निदान गाडी अशी टाकून जायचं का?”

आणि मी मान हलवली. का हलवली ते मला आजतागायत माहीत नाही. मास्तर बोलले की मान हलते, शाळेपासूनची सवय आहे. पण बायकोने ती हललेली मान पाहिली.

आम्ही दोघांनी स्कूटर ढकलत गॅरेजात नेली. गॅरेजवाल्याने कार्बोरेटर उघडलं, एक रबरी वॉशर चिमटीत धरून आमच्यासमोर नाचवला. तो भिजवलेल्या मनुकेसारखा टरारला होता. मग टाकीच्या तळातून त्याने काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढलं. वर पिवळसर थर, खाली गढूळ थर.

“खालचं पाणी आणि इथेनॉल,” तो म्हणाला. “तुमची गाडी हे पीत बसली होती. नळ्या गेल्या, वॉशर गेले, फिल्टरात चिखल आहे. या मॉडेलचे सुटे भाग बाहेरून मागवावे लागतील. महिना धरा.”

“पण पत्रकात तर...” बायकोने पर्समधून पत्रक काढलं. तिने ते सोबत आणलं होतं. गॅरेजवाल्याने हात पुसून ते नीट वाचलं आणि विचारलं, “हे कुणी लिहिलंय?”

मी वॉशरचं निरीक्षण करू लागलो.

“हे माझे यजमान त्याच खात्यात आहेत,” बायको म्हणाली. “पण हे फक्त भाषा बघतात. माहिती त्यांचा इंजिनीअर देतो. त्यानेच चुकीची दिली असणार.”

त्या क्षणी बोलायला हवं होतं. बोललो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मलाही आज एवढं लिहीत बसावं लागलं नसतं. पण गॅरेजमध्ये आणखी तीन गिऱ्हाइकं उभी होती आणि त्यातल्या दोघांच्या गाड्या जुन्या दिसत होत्या.

पावतीवर गॅरेजवाल्याने बिघाडाचं कारण लिहिलं: ‘गाडी टाकी भरून पडून. मालकाची हयगय.’ ही पावती लॅबला द्यावी लागते. लॅबच्या करारात कलम आहे: फेरी करणाऱ्या व्यक्तीकडे स्वतःची चालू गाडी हवी, आणि स्वतःच्या हयगयीने गाडी बंद पडली तर फेरी काढून घेतली जाईल. लॅबच्या डॉक्टरीणबाई बोलायला गोड आहेत, पण कलम म्हणजे कलम. त्या म्हणाल्या, “तुमची हयगय नव्हती असं कुणाचं तरी लेखी आणा. महिनाअखेरपर्यंत थांबते. नाहीतर फेरी त्या दुसऱ्या बाईंकडेच राहू दे.”

बायको घरी आली आणि पलंगावर बसली. बारा वर्षांत मी तिला दिवसाउजेडी पलंगावर बसलेलं पाहिलं नव्हतं.

त्यानंतर सल्ले सुरू झाले. दुसऱ्या मजल्यावर रसायनशास्त्राच्या शिकवण्या घेणाऱ्या बाई राहतात. त्या इथेनॉलच्या कट्टर बाजूच्या. त्यांनी मला जिन्यात गाठून पाऊण तास बौद्धिक घेतलं. इथेनॉल शेतात पिकतं, दरवर्षी पुन्हा पिकतं. जमिनीखालचं तेल एकदा संपलं की संपलं. धूर कमी होतो. इंजिनात ठकठक होत नाही. बाहेरून तेल आणण्यावरचा खर्च वाचतो. “दोष इंधनाचा नाही,” त्या म्हणाल्या, “दोष न सांगण्याचा आहे. जुन्या गाडीला काय काळजी घ्यायची हे लोकांना कुणी तरी स्पष्ट सांगायला हवं होतं.” मी म्हणालो, खरं आहे. मास्तर खालून ओरडले की शेतात धान्य पिकवायचं की पेट्रोल, हे आधी ठरवा. बाई वरून ओरडल्या की उसाच्या मळीतूनही होतं, धान्यच लागतं असं नाही. बायकोची स्कूटर बंद पडली आहे याचा दोघांनाही विसर पडला होता.

साडूचा सल्ला फोनवरून आला. तो बांधकामाच्या सामानाचा व्यापारी आहे आणि त्याला कुठल्याही विषयात उपाय माहीत असतो. त्याने सांगितलं, “टाकीतलं पेट्रोल काढ, त्यात पाणी घालून हलव, इथेनॉल पाण्यात उतरतं, वरचं शुद्ध पेट्रोल उपसून घे. गाडी पळेल.” गाडीचे वॉशर फुगलेत, पेट्रोल शुद्ध करून काय होणार, हा प्रश्न मला सुचायला हवा होता. मी गॅरेजात जाऊन उरलेलं पेट्रोल कॅनमध्ये घेण्यासाठी नळी तोंडात धरून ओढली. पहिल्याच ओढीला एक मोठा घोट घशात गेला. पुढचे दोन दिवस मी ढेकर दिली की बायको खिडक्या उघडायची. मास्तरांनी मला जिन्यात उभं राहून बोलायला मनाई केली, कारण त्यांना विडीची सवय आहे.

कॅनमधलं पाणी आणि पेट्रोल मी नीट हलवलं. दुधट पांढरा द्रव तयार झाला. तो तीन तास स्थिर ठेवायचा होता. शिकवणीवाल्या बाईंच्या कामवालीने तो फिनेल समजून जिना पुसला. अग्निशमन दल आलं नाही, पण मास्तरांनी त्यांना फोन केला होता.

गाडी येईपर्यंत बायकोने उरलेले जुने पेशंट तरी हातातून जाऊ नयेत म्हणून बसने जायचं ठरवलं. डॉक्टरीणबाईंनी पाच घरं तेवढी तिच्याकडे ठेवली होती. पेटी जड, बसमध्ये गर्दी, म्हणून पेटी मी उचलायची. पहाटे पाचला उठून मी निळ्या पिशवीतली बर्फाची पेटी घेऊन तिच्यामागे चालायचो. एका आजोबांनी मला शिकाऊ समजून धीर दिला, “जमेल हळूहळू.” नमुने घेऊन झाले की मी लॅबमध्ये पेटी द्यायची आणि तिथून ऑफिसला जायचं. माझा डबाही निळ्या पिशवीत असायचा.

हो. तेच झालं. आठव्या दिवशी लॅबमध्ये माझा डबा पोचला आणि साहेबांच्या बैठकीत मी टेबलावर ठेवलेल्या पिशवीतून बर्फाची पेटी बाहेर आली. साहेबांनी कुतूहलाने झाकण उघडलं. आतल्या सात बाटल्यांपैकी पाच रक्ताच्या होत्या, दोन रक्ताच्या नव्हत्या. साहेबांनी झाकण लावलं आणि चर्चा विषयपत्रिकेतल्या पुढच्या मुद्द्याकडे वळवली. लॅबमध्ये माझ्या डब्यावर कुणीतरी चिठ्ठी चिकटवली होती: ‘पेशंटचं नाव लिहिलेलं नाही.’ पाचही माणसांना पुन्हा उपाशी राहून पुन्हा रक्त द्यावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी बायकोला फक्त एवढंच विचारलं, “आणि हीसुद्धा हयगय नाही का?”

त्या संध्याकाळी बायकोने कागद घेतला आणि तक्रार लिहायला बसली. इंधन खात्याच्या नावाने. पत्रक सोबत जोडायचं, पावती जोडायची, आणि खात्याने लिहून द्यायचं की तिने काहीही चुकीचं केलं नाही, चुकीची माहिती दिली ती तांत्रिक शाखेच्या इंजिनीअरने. मी तिला समजावलं. खात्यात तक्रारींचं काय होतं हे मी रोज बघतो. आमच्याकडे एक मोठं कपाट आहे, तक्रारी तिथे जातात आणि मग त्यांना एकमेकींचीच सोबत.

“मग जाऊ दे ना,” ती म्हणाली. “तुला काय भीती आहे?”

मला काही भीती नव्हती. उलट तिने लिहिलेलं मी वाचलं तेव्हा माझ्यातला व्यावसायिक जागा झाला. तिने लिहिलं होतं, ‘ज्याने हे केलं त्याने बरोबर केलं नाही.’ असं कुठे तक्रारीत लिहितात? मी पेन घेतलं. ‘एका ओळीच्या आळसापायी एका कष्टाळू स्त्रीच्या उपजीविकेवर घाला घालणाऱ्या संबंधित व्यक्तीस याचा जाब विचारला जावा.’ वाचून बायकोचे डोळे भरून आले. ती म्हणाली, “किती मनापासून लिहिलंस रे.” मला रात्रभर झोप लागली नाही, पण वाक्य उत्तम झालं होतं हे कबूल केलं पाहिजे.

आणि नेमका त्याच आठवड्यात खात्यात तक्रार निवारण पंधरवडा सुरू झाला. कपाट उघडलं गेलं. जुन्या तक्रारींना हात लावायचा धीर कुणाला होईना, म्हणून सगळ्यात वरची, सगळ्यात नवी तक्रार आधी घेतली. चौथ्या दिवशी ती माझ्या टेबलावर आली. वर साहेबांचा शेरा: ‘भाषा प्रभावी आहे. तातडीने सुनावणी. तांत्रिक शाखेने उत्तर द्यावे. प्रसिद्धी शाखेने पत्रकाची फाईल घेऊन हजर राहावे.’

सुनावणीच्या दिवशी आम्ही एकाच बसने निघालो. बायको एक थांबा आधी उतरली. म्हणाली, “वशिल्याने आले असं कुणाला वाटायला नको.” तक्रारीत तिने माहेरचं आडनाव लिहिलं होतं, सगळ्या कागदांवर ती तेच लावते. त्यामुळे ती कोण हे ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं.

साहेबांच्या खोलीत एका बाजूला ती बसली. दुसऱ्या बाजूला इंजिनीअर. त्याच्या कपाळावर घाम होता. पुढच्या महिन्यात त्याची बढती होती. मी मध्ये, फाईल मांडीवर घेऊन. साहेबांनी विचारलं, “तुम्ही सातव्या प्रश्नाला हेच उत्तर दिलं होतं?”

“नाही साहेब,” इंजिनीअर म्हणाला. “म्हणजे, मला आठवतं तसं मी सगळं लिहिलं होतं. वॉशरचं, पाण्याचं. पण माझ्याकडची प्रत सापडत नाही. कॉम्प्युटर बदलला तेव्हा... कदाचित लिहिलं नसेलही. मी चुकलो असेन.”

तो खरोखर मान्य करायला निघाला होता. तो तसाच आहे. साहेब माझ्याकडे वळले. “तुमच्या फायलीत मूळ टिपण असेल?”

फाईल माझ्या मांडीवर होती. टिपण सतराव्या पानावर होतं, लाल रेघांसकट. ‘नाही साहेब, तेव्हा ठेवायची पद्धत नव्हती,’ हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. सतरा वर्षांत मी असली कितीतरी वाक्यं बनवली आहेत. समोर बायको बसली होती. तिच्या हातात पावती होती, घडी घालून घालून मऊ पडलेली. तिला काही संशय नव्हता. ती माझ्याकडे अगदी विश्वासाने बघत होती, की आता हा त्या इंजिनीअरला पकडणार.

मला एकाएकी त्या विश्वासाचा संताप आला, मग स्वतःचा आला, आणि मी सतरावं पान उघडून टेबलावर ठेवलं.

साहेबांनी वाचलं. इंजिनीअरने वाचलं आणि मोठा श्वास सोडला. बायकोने पान स्वतःकडे ओढलं. समासातलं अक्षर तिने ओळखलं. घरातली वाण्याची यादी त्याच अक्षरात असते.

“जागा नाही,” तिने वाचलं. मग अगदी परक्या आवाजात साहेबांना म्हणाली, “यांना विचारा, किती जागा कमी पडत होती?”

“तीन ओळी,” मी म्हणालो.

“आणि त्या पानावर हे चित्र आहे. डोळे आणि हात असलेला हसरा थेंब. हा थेंब किती ओळींचा?”

मी साहेबांकडे पाहिलं. ते चित्र साहेबांनी सुचवलं होतं. ‘लोक वाचत नाहीत, बघतात,’ असं म्हणून त्यांनी तो थेंब स्वतः निवडला होता आणि दोनदा मोठा करायला लावला होता.

“नऊ ओळींचा,” शेवटी इंजिनीअर बोलला. त्याने पट्टीने मोजलं होतं.

साहेबांनी चष्मा पुसला. “चित्राची वेगळी गरज असते,” ते म्हणाले, पण त्यात जोर नव्हता. पुढच्या दहा मिनिटांत पत्र तयार झालं. मजकूर मीच लिहिला, मलाच लिहायला लावला. ‘तक्रारदाराची कोणतीही हयगय आढळून येत नाही. पत्रकातील उत्तर अपूर्ण होते. मूळ टिपणातील सूचना संबंधित लेखकाने जागेअभावी वगळल्या होत्या.’ सहीसाठी पत्र साहेबांकडे गेलं तेव्हा त्यांनी बायकोला पत्ता विचारला. तिने सांगितला. साहेबांनी लिहून घेतला, थबकले आणि माझ्याकडे पाहिलं.

“तुमचीही इमारत हीच ना?”

“हो साहेब.”

“मजला?”

“हाच.”

“मग टपालाने कशाला पाठवायचं,” साहेब म्हणाले आणि पत्र तिच्या हातात दिलं. मला लेखी ताकीद मिळाली. ती मात्र टपालाने आली.

परतीच्या बसमध्ये बायको माझ्या शेजारी बसली, पण खिडकीकडे तोंड करून. लॅबजवळ उतरून तिने तिथे पत्र दाखवलं, डॉक्टरीणबाईंनी प्रत घेतली आणि फेरी तिच्याकडे परत दिली, सगळीच्या सगळी. गाडीचे भागही येऊन त्याच दिवशी बसवून झाले. ती स्कूटर घेऊन घरी आली तेव्हा मी दारात उभा होतो. मला वाटलं आता ती रागावेल. मी त्यासाठी दोन-तीन वाक्यं तयारही ठेवली होती. तिने पत्र माझ्या हातात दिलं.

“इमारतीत जाऊन वाचून दाखव,” ती म्हणाली. “प्रत्येक दारात. ‘संबंधित लेखक’ म्हणजे कोण, तेही सांग.”

आमच्या इमारतीत आम्हाला सोडून दहा बिऱ्हाडं आहेत. मी तळमजल्यापासून सुरुवात केली. माझ्यासारख्या माणसाला दारोदार जाऊन स्वतःची चूक मोठ्याने वाचायला लावणं ही काय शिक्षा असते, हे ज्याला भोगावी लागते त्यालाच कळतं. एका घरात टीव्ही बंद करायलाही कुणी तयार नव्हतं, मला टीव्हीपेक्षा मोठ्याने वाचावं लागलं. दुसऱ्या घरात विचारलं, मग आमच्या मोटारीचं काय? मी सांगितलं, रबरी भाग तपासून घ्या, टाकी भरून आठवडेच्या आठवडे उभी ठेवू नका. हे उत्तर जिन्यात उभं राहून द्यायला मला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विडी विझवली आणि म्हणाले, “चूक तुझी झाली हे ठीक आहे. पण गाडी कुणाची? तिची. जिची गाडी तिने बघायला नको? एवढी वर्षं चालवतेय. बायकांचं हेच असतं.”

माझी मान हलणार होती. अर्धी हललीही होती. मी ती तिथेच धरली.

“तिने बघितलं होतं, मास्तर,” मी म्हणालो. माझा आवाज चढला, सतरा वर्षांत चढला नव्हता तेवढा. “टाकी भरायच्या आधी तिने मला विचारलं होतं. मी पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही. तिने पत्रक काढून वाचलं, कारण ते मी लिहिलं होतं. आणखी काय बघायचं असतं? मी तिला खोटं सांगितलं, आणि तुम्ही सगळे तिला बोलत होतात तेव्हा मी तुमच्यात उभा राहून मान हलवत होतो.”

मागे जिन्यात पावलं वाजली. बायको खाली आली होती, हातात रिकामी बर्फाची पेटी, धुवून वाळत घालायला आणलेली.

“खोटं नव्हतं सांगितलंस,” ती म्हणाली. “तुझं खोटं मी लगेच ओळखते, तुला ते जमत नाही. अर्धं सांगितलंस, म्हणून मी फसले.”

मला रडू आल्यासारखं झालं. मी पत्राची घडी घालू लागलो.

“घडी नको घालूस,” ती म्हणाली. “वर अजून सात दारं राहिलीत.”